थोरलीला कारण हवं

९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. तिचं निवारण झाल्याखेरीज पुढला पत्रव्यवहार सुखाचा होणार नाही, हेही नम्रपणे कळवतो. तू पाकिटं कशानं चिकटवतेस? तुझं पत्र मी आधी बोटानं उघडायचा प्रयत्न केला, मग पट्टीनं, मग भाजीच्या सुरीनं. शेवटी किटलीच्या वाफेवर धरलं, तर पाकीट सुटलं नाही, आतली शाई मात्र सुटली. खालच्या मजल्यावरच्या सुताराला दाखवलं. त्यानं वास घेतला आणि आदरानं म्हणाला, "सर, यानं दार बसवता येईल." ज्या द्रव्यानं तुम्ही राक्षसीच्या पाठीवर खवले बसवता, त्याच द्रव्यानं मामाचं पत्र बंद करावं, हे कोणत्या शास्त्रात सांगितलं आहे? पत्राचा तळचा भाग पाकिटालाच राहिला. 'आईची तब्येत' एवढं वाचता आलं, पुढे रबर.

आता मूळ विषय. तू लिहितेस, की तुमची ही राक्षसी, थोरली, तीन चित्रपटांत समुद्रातून वर आली, शहर मोडलं आणि परत गेली, पण ती मुळात कुठली, कशासाठी येते, हे कुणी विचारलंच नाही. चौथ्या चित्रपटासाठी दिग्दर्शकांना तिची पूर्वकथा हवी आहे. आणि पुढे, "मामा, तू संस्कृत शिकवतोस, तुला जुन्या गोष्टी माहीत असतात." जणू काही मी त्या वेळी तिथे हजर होतो.

पण खरं सांगू? मला फार आनंद झाला. वर्गात मी हे बोलत नाही. मुलं समोर विभक्ती चालवत असतात आणि माझ्या मनात येतं, की बाळांनो, तुम्ही ज्या अक्राळविक्राळ प्राण्याचं चित्र वहीवर चिकटवलं आहे, त्याच्या आत माझी सख्खी थोरली बहीण आहे. पहिल्या चित्रपटात ठेवलेला पहिलवान सूटमध्ये गरमीनं पहिल्याच दुपारी आडवा झाला. तुझी आई शाळेच्या मुली घेऊन पळणाऱ्या गर्दीचं काम करायला आली होती. कवायतीच्या बाई त्या. गळ्यातली शिट्टी वाजवून मुलींना रांगेत बसवलं आणि म्हणाली, "आणा इकडे ते कातडं." तेव्हापासून आतच आहे. एवढी वर्षं ताई एकटीनं इमारती पाडते आहे, आणि पडद्यावर कुठेही तिचं नाव नाही, कारण तिलाच ते नको. माझं असतं, तर मी घराच्या पाटीवर लावलं असतं.

शिवाय तुमच्या त्या पहिल्या दिग्दर्शकांचा नियम मला फार आवडतो. महिनोन्‌महिने खपून छोटं शहर बांधायचं, ते एकदाच जळतं, दुसऱ्यांदा चित्रण होत नाही. म्हणून कॅमेऱ्यासमोर जे घडलं ते खरं, चूक पुसायची नाही, तिला कथेत कारण द्यायचं. मागल्या खेपेला ताईचा गुडघा दुखावला, थोरली लंगडली आणि तू मला कारण विचारलंस. पायाखाली पाखरांची अंडी आली, ती वाचवायला तिनं पाय मुरगाळून घेतला, असं मी लिहिलं. तुमच्या चित्रनगरीत या कामाला काही हुद्दा असेल तर मला तो द्यावा.

तर घे पूर्वकथा.

जमीन तेव्हा ओली होती. डोंगरांना जागा नेमून दिलेल्या नव्हत्या आणि समुद्राला आपली हद्द ठाऊक नव्हती. तो रोज थोडा आत येई. जमिनीवरच्या प्राण्यांनी सभा भरवली. सभेत जे होतं तेच झालं, प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सुचवलं. तेवढ्यात उशिरा येऊन पोचली थोरली. तिनं विचारलं, काय करायचं आहे? आडवं पडायचं आहे, समुद्र आणि जमिनीच्या मध्ये. किती वेळ? तुझ्या जागी दुसरं कुणी येईपर्यंत. बरं, म्हणाली, आणि पडली. सभा संपली, प्राणी घरी गेले. ते मेले, त्यांच्या जाती संपल्या, दुसरं कुणी आलं नाही. तिच्या पाठीवर वाळू साचली, वाळूवर गवत आलं, गवतावर बंदर झालं. मग बंदर खोल करायला यंत्र आणलं, ते तिच्या खांद्याला लागलं. तिला वाटलं, आला वाटतं माझ्या जागी येणारा, खांदा हलवून उठवतो आहे.

म्हणून ती उठली. ती रागावलेली नाही, ठकू. ती त्या माणसाला शोधते आहे. शहरं मोडतात ती शोधताना मोडतात. तो सापडत नाही आणि काम तर टाकता येत नाही, म्हणून दर वेळी ती पाण्यात परत जाते.

कसं वाटतं ते कळव. पाकिटाला साधा डिंक लाव.

तुझा,
मामा


२७ फेब्रुवारी

ती. मामा,
शि. सा. न.

डिंक लावला आहे. आता पाकीट वाटेत उघडलं तर मला बोलायचं नाही.

तुझी पूर्वकथा मी साच्यांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवली. दात घडवणारे काका एरवी कशालाच चांगलं म्हणत नाहीत, ते म्हणाले, "मग इतकी वर्षं मी हिला उगाच एवढे सुळे दिले." दिग्दर्शकांनी उभ्यानंच वाचली, मग दार लावून परत वाचली. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, की हे लिहिणारे कोण. मी म्हटलं, माझे मामा, आणि तुम्ही ज्यांना रोज 'बाई, जरा डावीकडे' म्हणून ओरडता त्यांचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, "अख्खं घरच या प्राण्याच्या पोटात आहे की." मामा, या कारखान्यात मी फोम कातरणारी म्हणून लागले, आता कातडं सगळं माझ्या हाताखाली होतं, पण त्या दिवशी मला जितकं मोठं वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं.

आई तर विचारूच नकोस. तुझा कागद तिनं सूटच्या आत, छातीपाशी टाचून ठेवला आहे. मी म्हटलं, घामानं भिजेल. तर म्हणे, "भिजू दे. पंडितानं आयुष्यात पहिल्यांदा कळेल असं काही लिहिलंय."

पत्राचा जो भाग पाकिटाला राहिला, त्यात आईची तब्येत ठीक आहे एवढंच होतं.

आता एक काम. पहिल्या आठवड्याचं चित्रण झालं. बाजारपेठेचा चौक जळला, त्यामुळे ते पुन्हा होणार नाही. त्यात थोरलीचा डावा पंजा थरथरतो. अगदी स्पष्ट दिसतो. निर्मात्यांनी पाहिलं आणि त्यांची भुणभुण सुरू झाली, की सूट जुना झाला, आत बसणारी व्यक्ती जुनी झाली, कसरतपटू मुलगी आणू. दिग्दर्शक त्यांना म्हणाले, नियम आहे, घडलं ते खरं. निर्माते म्हणाले, मग कारण दाखवा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरी मुलगी. तर मामा, थोरलीचा डावा पंजा का थरथरतो? लवकर सांग. आईचं आत राहणं याच्यावर आहे.

तुझी,
ठकू


४ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट वाटेत उघडलं नाही, पोस्टमननं मात्र ते माझ्या हातात देताना दोन्ही हातांनी धरलं होतं. मध्यममार्ग नावाची एक गोष्ट असते, ती तुमच्या कारखान्यात शिकवत नाहीत असं दिसतं.

पंजा थरथरतो म्हणजे आतली तार सैल झाली असणार. मामाला सगळं कळतं. लहानपणी तू बाहुलीचा हात सुतळीनं बांधला होतास, तोही असाच लटपटायचा आणि तू सगळ्यांना सांगत सुटायचीस, की ती टाटा करते आहे. कामातली ढिलाई झाकायला कारण शोधणं, ही तुझी जुनी सवय आणि माझा नवा धंदा. असो. हातातली तार नीट आवळ आणि निर्मात्यांना पुढील गोष्ट सांग.

थोरली आडवी पडली ती पालथी, तोंड मातीत आणि डावं अंग समुद्राकडे. म्हणजे समुद्र अडवला तो तिच्या डाव्या हातानं. युगानुयुगं लाटा त्या एकाच हातावर आपटल्या. लाट यायची, हात सोसायचा, लाट परत जायची, दुसरी यायची. इतका काळ, की शेवटी लाटा हातातच राहिल्या. आता ती जमिनीवर आली आहे, उन्हात उभी आहे, अंग वाळलं आहे, पण तो हात अजून समुद्रातच आहे. तिला कुणी मारायला धावलं की तो थरथरतो असं नव्हे; उलट ती शांत उभी राहिली की जास्त थरथरतो. कारण चालताना इतर गोष्टी असतात. उभं राहिलं, की फक्त समुद्र असतो.

भित्र्याचा हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत आहे. एवढं वजन पेललेल्याचाही थरथरतो, हे लोकांना एकदा दाखवायला हवं.

हे लिहून झाल्यावर मी खोलीत एक फेरी मारली. चांगलं जमलं की मी फेरी मारतो. ताईला सांग, कारण तिला शोभेसं दिलं आहे, आता निर्मात्यांनी तिच्याकडे वर मान करून पाहावं.

तुझा,
मामा


२ एप्रिल

ती. मामा,
शि. सा. न.

पत्राला उशीर झाला. कसं लिहावं कळत नव्हतं.

आधी चांगली बातमी. तुझं कारण वाचून दिग्दर्शक वेडे झाले. 'लाटा हातातच राहिल्या' हे त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलं आहे. दोन मारामाऱ्या कापल्या. आता सगळा चित्रपट त्या हातावर आहे. कॅमेरा तिच्या तोंडाकडे जातच नाही. हात, आणि हातापाठीमागे शहर. निर्मात्यांनीच आता सांगितलं आहे, की आत बाईच हव्यात. त्यांनी त्या कसरतपटू मुलीला एकदा घालून पाहिलं. बिचारीनं जीव तोडून हात हलवला, पण ती थोरली वाटेना, कुडकुडणारी कोंबडी वाटली.

आता दुसरं. मामा, हातात तार नाही. कधीच नव्हती. डाव्या पंजात आईचा हात असतो, थेट.

दोन वर्षं होत आली. आधी कप बशीवर वाजायचा, मग सहीला वेळ लागायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही, तुला कळलं असेलच. बरा होत नाही, हळूहळू वाढतो, औषधानं आटोक्यात राहतो. आईनं शपथ घातली, की तुला कळवायचं नाही. पाकिटाला राहिलेल्या भागात मी तेच लिहिलं होतं, धीर करून. तू वाचता आलं नाही म्हणालास, आणि माझा धीर संपला. मग तू तार म्हणालास, आणि मी गप्प बसले.

काळजी शेवटच्या दृश्याची आहे. पाठीमागे शहर जळतं, ती टाकीच्या काठाशी येते, हात पाण्यावर ठेवते आणि पाण्यात उतरून दिसेनाशी होते. सूट पाणी पितो. कोरडा असतानाच त्याखाली धडधाकट माणूस वाकतो, भिजला की दोघं लागतात उचलायला. बाहेरून बंद असतो, आतून उघडत नाही. आईचे पाय हल्ली मध्येच अडतात, जमिनीला चिकटल्यासारखे. पाण्यात अडले तर? मी म्हटलं, मी दुसरी व्यवस्था करते, नुसता पंजा तुझा ठेवू आणि अंग रिकामं बुडवू. ती म्हणाली, "माझ्या भावानं माझ्या हाताची गोष्ट लिहिली आहे, आणि मी शेवटी भोपळा बुडवू?"

मामा, तू सांग तिला. माझं ऐकत नाही.

ठकू


६ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला उपदेश करायला मी आजवर कधी धजावलो नाही. लहानपणी एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा तू मला कपाटावर बसवून निघून गेली होतीस. तेव्हा आता शास्त्रशुद्ध मार्गानं जातो: आधी तुझं म्हणणं मांडतो, मग खोडतो.

तुझं म्हणणं असं, की ही सगळी वर्षं आत तूच होतीस, तेव्हा शेवटीही तूच असावंस. हे खरं आहे. तुझं म्हणणं असं, की हात तुझा आहे आणि तसा दुसऱ्या कुणाचा नाही. हेही खरं. तुझं म्हणणं असं, की तू ठणठणीत आहेस. इथे मी थांबतो, कारण हे तू माझ्यापासून लपवलंस, आणि ठणठणीत माणसाला लपवायला काही नसतं.

ताई, मी दुसरं कारण लिहितो. थोरली पाण्यात न जाण्याची मला अकरा कारणं सुचतील, पैकी दहा संस्कृतात. टाकी तेवढी सोड. त्या गोष्टीत मी तुझ्या हातावर समुद्र घातला तेव्हा मला वाटलं होतं, मी तारेबद्दल लिहितो आहे. माहीत असतं तर मी ते वाक्य इतकं सुंदर केलं नसतं. कुणी पाहिलंच नसतं, आणि तू आज घरी असतीस.

तुझा,
पंडित


१० एप्रिल

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. खोडणं येईपर्यंत मला झोप लागली होती. ठकूनं उठवून पुढचं वाचून दाखवलं.

सरळ जाणाऱ्या माझ्या अक्षरांना हसू नकोस. ती मी लिहीत नाही, ठकू लिहिते आहे आणि मी सांगते आहे. नाक मुरडून लिहिते आहे, हेही लिही म्हटलं तर लिहीत नाही.

दोन वर्षं मी हा हात लपवते आहे. पिशवीखाली, टेबलाखाली, दुसऱ्या हातात. बँकेत खिडकीपलीकडचा मुलगा माझ्या हाताकडे पाहतो आणि मग इतक्या गोड आवाजात बोलतो, की त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावावंसं वाटतं. ओळखीच्या बायका माझ्या हातात चहा देत नाहीत, समोर ठेवतात. चांगल्या मनानं करतात. त्याचाच राग येतो.

आणि कातडं चढवलं की काय होतं माहीत आहे? सगळे दिवे त्या हातावर येतात. पन्नास माणसं श्वास धरून बसतात, हलला की खूश होतात. दिवे लावणारा, पोऱ्या नव्हे, चांगला टक्कल पडलेला गृहस्थ, परवा मला म्हणाला, "बाई, तो हात पाहिला की माझे वडील आठवतात, ते गोदीत होते." हे तुझ्यामुळे. तुझं कारण खोटं आहे हे मला कळतं, मी कवायत शिकवली म्हणून अडाणी नाही. पण डॉक्टरांनी दिलेल्या कारणापेक्षा ते माझ्या अंगाला नीट बसतं. आणि तू म्हणतोस, माहीत असतं तर सुंदर केलं नसतंस. गाढवा, मग मी घरी बसून बशी वाजवत बसले असते.

टाकीचं माझं मी बघेन. दातात शिट्टी असते. वाजवली की काढतात. इतक्या वर्षांत कधी वाजवली नाही.

अकरा कारणं जपून ठेव. आणि जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

ता. क. मामा, हे माझं, तिला न सांगता लिहिते आहे: चित्रण एकोणिसाला आहे. शिट्टी तिच्या दातात राहत नाही, ओठ थरथरले की पडते. मी ती दोऱ्यानं सूटच्या आतल्या टोपीला बांधणार आहे. — ठकू


२० एप्रिल

ती. मामा,
शि. सा. न.

सगळं ठीक आहे. हे पहिल्यांदा लिहिते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

काल सकाळी शहर पेटवलं. वारा अनुकूल होता, मनोरा ठरल्या बाजूला पडला, धूर ठरल्या जागी गेला. आई टाकीच्या काठाशी आली. ताठ. मी पाण्यात कमरेपर्यंत उभी होते, कॅमेऱ्याच्या कडेबाहेर, दात घडवणारे काका माझ्या शेजारी. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, की ती खाली गेली आणि ठरल्या वेळात वर आली नाही, तर चित्रपट गेला खड्ड्यात.

तिनं हात पाण्यावर ठेवला. मामा, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पाणी स्थिर होतं, आणि त्या हातातून तरंग निघाले. बारीक, एकामागून एक, गोल गोल, टाकीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत. पाठीमागची आग त्या प्रत्येक तरंगात दिसत होती. तू लिहिलं होतंस तसंच, लाटा हातातून पाण्यात परत जात होत्या. माझ्या बाजूला काका म्हणाले, "अरे बाप रे," आणि ते ध्वनिमुद्रणात गेलं, ते काढून टाकावं लागणार आहे.

मग तिनं पाण्यात उतरायचं होतं. ती उतरली नाही. हात उचलला, सावकाश वळली, समुद्राकडे पाठ केली आणि बसली.

बसली म्हणजे चक्क बसली. थोरली चार चित्रपटांत कधी बसलेली नाही. सूट बसण्यासाठी बनवलेलाच नाही, मागे दोन शिवणी उसवल्या ते मला ऐकू आलं. दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडले, "बाई, पाणी! पाण्यात!" ती हलली नाही. शहराकडे तोंड करून बसून राहिली, हात मांडीवर, हात थरथरतोय, आणि समोर तिनंच मोडलेलं सगळं जळतंय. शिट्टी वाजली नाही. मी धावणार होते, काकांनी दंड धरला. म्हणाले, "थांब. खांदे बघ. बाई श्वास घेतायत, आरामात." शहर विझेपर्यंत ती तशीच बसली. मग कॅमेरा थांबला आणि आम्ही सगळे तुटून पडलो.

पाठ उघडली तर आई घामानं निथळत होती आणि हसत होती. "चहा सांगा कुणीतरी," म्हणाली. दिग्दर्शक येऊन उभे राहिले, लालबुंद. "बाई, हे काय केलंत? का बसलात?"

ती म्हणाली, "बसावंसं वाटलं."

त्यांनी कर्णा जमिनीवर आपटला, गेले, फिरून परत आले, छोट्या शहराच्या राखेकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "झालं ते खरं. तुमच्या मामांना विचारा, का बसली. सोमवारपर्यंत."

आणि कारखान्यातले सगळे टाळ्या वाजवायला लागले. सुतार, रंगारी, दिवेवाले. आईनं डावा हात वर केला आणि सगळ्यांना दाखवला, न लपवता.

तर मामा, का बसली?

तुझी,
ठकू


ता. क. आई चार दिवस तुझ्याकडे यायचं म्हणते. मंगळवारच्या गाडीनं बसवून देते. पत्र तोवर पाठवता आलं तर पाठव, नाहीतर कारण तारेनं कळव, दिग्दर्शक दर तासाला विचारतात.


२९ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तारेनं पाठवलेलं कारण पोचलंच असेल, पण तारेत शोभा राहत नाही, म्हणून दिग्दर्शकांसाठी इथे पुन्हा नीट लिहितो. एवढा भाग फाडून त्यांना दे.

थोरलीनं पाण्यावर हात ठेवला आणि हातातल्या लाटा पाण्यात परत गेल्या, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की समुद्र केव्हाच आपल्या जागी थांबलेला आहे. तो आता आत येत नाही. त्याला हद्द कळली आहे, आणि ती तिनंच शिकवली. तुझं काम झालं, असं सांगायला कुणीतरी यायला हवं होतं, ते आलं नाही. येणारही नव्हतं, ज्यांनी सभा भरवली त्यांची हाडंसुद्धा दगड झाली. मग तिचं तिनंच सांगून टाकलं. समुद्राकडे पाठ करायला तिला सगळं युग लागलं. ज्यांच्यासाठी आडवी पडली त्यांना तिनं कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून ती बसली आणि पाहत राहिली. मोडकंतोडकं का होईना, पण हे सगळं आपल्या पाठीमागे उभं राहिलं, एवढं तिनं डोळे भरून पाहिलं. एवढंच. याहून मोठं कारण प्राण्याला लागत नाही आणि माणसालाही लागू नये.

(इथे फाड.)

ताई आली, चार दिवस राहिली, काल गेली. माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसली. शिकवताना फळ्याकडे पाठ करून मुलांकडे बघायचं, त्याऐवजी मी सारखा मुलांकडे पाठ करून फळ्याकडे बघतो, असा तिनं दोष काढला आणि तो बरोबर होता. मुलांना मी शेवटी सांगून टाकलं, की या कोण आहेत. तिनं मला डोळ्यांनी भाजून काढलं, पण उशीर झाला होता. अख्खा वर्ग उभा राहिला. एका मुलीनं विचारलं, "तुमचा हात बघू?" ताईनं पुढे केला. ती मुलगी तो दोन्ही हातांत धरून उभी राहिली. ठकू, मी इतकी वर्षं इतकं काही वाचलं, पण मान इतकी ताठ कधी झाली नव्हती.

जिन्यावर खालचे सुतार भेटले, त्यांनाही मी सांगितलं. आता सगळ्या गल्लीला माहीत आहे. पाटी करायला टाकली आहे.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही, ती तुला सांगतो. परवा जेवण झाल्यावर ताईनं खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही. परत बसली, थोडं थांबली, मग उठली, आणि म्हणाली, "तुझी ही खुर्ची फार खोल आहे." खुर्ची खोल नाही. मी तिच्यात रोज बसतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. त्या दिवशी टाकीच्या काठावर ताई ठरवून बसली, की पाय अडले म्हणून बसली? ठरवून बसली असेल, तर मी वर लिहिलं आहे ते सगळं खरं आहे. पण पाय अडले असतील, आणि शिट्टी वाजवायलाही ओठ साथ देत नसतील, तर ती तिथे आगीसमोर बंद कातड्यात एकटी बसून होती आणि त्या बसण्याला तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मी कारण लिहिलं.

तिला विचारायला चार दिवस होते. मी हवेबद्दल बोललो, मुलांच्या परीक्षांबद्दल बोललो, हे विचारलं नाही. ठकू, मला भीती वाटते.

तुझा,
मामा